फुलाचा खेळ : बॅडमिंटनची ओळख

‘शटलकॉक’ हा शब्द जिभेवर रुळण्याआधी आपल्यापैकी बहुतेकांनी त्याला ‘फूल’च म्हटलेले असते. डिसेंबर लागला, संध्याकाळच्या हवेत जरा गारवा आला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या आवारात, उभ्या केलेल्या गाड्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात, मुले-माणसे रॅकेट घेऊन उभी राहतात. दोन-चार फटके सरळ जातात, तेवढ्यात खाडीकडून वाऱ्याची झुळूक येते आणि फूल पहिल्या मजल्याच्या छज्ज्यावर जाऊन बसते. मग कोणीतरी झाडू आणतो, कोणी चप्पल भिरकावतो आणि खेळ थांबतो. या रोजच्या अडचणीतच बॅडमिंटनचे बरेचसे मर्म दडलेले आहे. हा खेळ छपराखाली का गेला, त्याचे फटके असे का आहेत, त्यात ताकदीपेक्षा मनगट का चालते, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्या फुलापाशी येऊन थांबतात. म्हणून बॅडमिंटन समजून घ्यायचे तर सुरुवात रॅकेटपासून न करता फुलापासून करावी, असे माझे अनेक वर्षांच्या खेळानंतरचे मत आहे.

चांगल्या प्रतीचे शटल हातात घेऊन क्षणभर नीट पाहावे. खाली कॉर्कचे अर्धगोल बूड असते, त्यावर पातळ पांढरे चामडे ताणून बसवलेले असते आणि त्या बुडात गोलाकार खोचलेली बरोबर १६ पिसे असतात. पिसांच्या दांड्या दोन ठिकाणी दोऱ्याने एकमेकींशी गुंफून वर चिकट थर दिलेला असतो, म्हणून फटका बसला तरी पिसे विस्कटत नाहीत. ही पिसे पाळीव हंसांच्या पंखांतली असतात; स्वस्त शटलमध्ये बदकाची पिसे वापरतात. एका शटलमधली सगळी पिसे एकाच बाजूच्या पंखाची असावी लागतात, कारण डाव्या आणि उजव्या पंखांतल्या पिसांचा बाक एकमेकांच्या उलट असतो. सगळा बाक एकाच दिशेला असल्यामुळे शटल हवेतून जाताना स्वतःभोवती फिरत राहते आणि त्या फिरण्याने त्याचा मार्ग स्थिर राहतो. एवढ्या कारागिरीनंतर त्याचे वजन नियमानुसार ४.७४ ते ५.५० ग्रॅम, म्हणजे चहात घालायच्या चमचाभर साखरेइतकेच भरते.

आता त्याच्या उडण्याकडे वळू. टेनिसचा किंवा क्रिकेटचा चेंडू मारला की तो बराचसा वेग राखून पुढे जातो. शटलचे तसे होत नाही. पिसांचा तो उघडा घेर हवा अडवतो. पावसाळ्यात मरीन ड्राइव्हवर छत्री उघडून चालताना वारा छत्रीला जसा मागे रेटतो, तसाच हा प्रकार आहे. शिवाय हवेचा अडथळा वेगाच्या प्रमाणात सरळ वाढत नाही; वेग दुप्पट झाला की अडथळा सुमारे चौपट होतो. म्हणजे शटल जितक्या जोरात मारावे तितक्या झपाट्याने ते मंदावते. भारताच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीने १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमध्ये मारलेल्या स्मॅशचा, म्हणजे वरून खाली हाणलेल्या जोरदार फटक्याचा, वेग ताशी ५६५ किलोमीटर भरला आणि त्याची गिनेस विक्रमांत नोंद झाली. टेनिसमधल्या सर्वांत वेगवान सर्व्हिसच्या तुलनेत हा आकडा दुपटीहून अधिक आहे. मात्र हा वेग शटल तारांवरून सुटते त्या क्षणाचा असतो. समोरच्या खेळाडूपर्यंत पोहोचेपर्यंत त्यातला निम्म्याहून अधिक वेग हवेने गिळलेला असतो, आणि म्हणूनच असा फटका परतवणे मानवी हातांना शक्य होते. उलट हेच शटल एखाद्या मनोऱ्याच्या विसाव्या मजल्यावरून सोडले, तरी शांत हवेत त्याचा वेग ताशी साधारण २४ किलोमीटरपेक्षा फारसा वाढत नाही, कारण तेवढ्या वेगाला त्याचे वजन आणि हवेचा अडथळा यांची तोंडमिळवणी होते.

या एका गुणधर्माने खेळाचे रूप ठरवले आहे. उंच मारलेला चेंडू कमानीसारखा वर जातो आणि तशाच कमानीने खाली येतो. शटल मात्र तिरके वर जाते, वरती दमते आणि मग जवळजवळ उभे खाली पडते. मागच्या रेषेपर्यंत मारलेला चांगला टॉस, म्हणजे उंच फटका, प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर सरळ उतरतो तो यामुळेच. दुसरे असे की फटका बसताच शटल हवेतल्या हवेत उलटते आणि त्याचे कॉर्क पुन्हा पुढे येते. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या खेळाडूंना प्रत्येक वेळी कॉर्कवरच फटका मारता येतो. कॉर्क जड आणि पिसे हलकी असल्याने हे आपोआप, डोळ्याला दिसणारही नाही इतक्या कमी वेळात घडते. नेटजवळ रॅकेट हलकेच घासून मारलेल्या फटक्यात मात्र शटल काही काळ गटांगळ्या खात राहते, सरळ व्हायला वेळ घेते आणि समोरच्याला ते नेमके कोठे मारावे हे कळत नाही. क्लबांमधून या फटक्याला ‘ड्रिबल’ म्हणतात. माझ्या मते सगळ्या बॅडमिंटनमधली ही सर्वांत नाजूक आणि सर्वांत देखणी गोष्ट आहे.

मुंबईकरांना एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागते. उन्हाळ्यात आणि दमट दिवसांत इथे शटल ‘पळते’, म्हणजे नेहमीपेक्षा लांब जाते. दमट हवा अंगाला जड वाटत असली तरी प्रत्यक्षात ती कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते, कारण पाण्याची वाफ हवेतल्या इतर वायूंपेक्षा हलकी असते. आणि तापलेली हवाही विरळ होते. विरळ हवा शटलला कमी अडवते. त्यामुळे शटलच्या डब्यावर ७५, ७६, ७७, ७८ असे वेगाचे आकडे छापलेले असतात. काही कंपन्या १ ते ५ असे क्रमांक देतात. आकडा जितका मोठा तितके शटल वेगवान. थंड हवेच्या देशांत मोठ्या आकड्याचे आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये लहान आकड्याचे शटल घ्यावे लागते. दुसऱ्या बाजूने, कोरडी पडलेली पिसे ठिसूळ होऊन पटापट मोडतात. म्हणून जाणती मंडळी खेळाच्या आदल्या दिवशी शटलचा डबा उघडून काही क्षण वाफेवर धरतात आणि झाकण लावून ठेवून देतात. वातानुकूलित हॉलमध्ये खेळणाऱ्यांना हा उपाय फार उपयोगी पडतो.

पिसे लावलेली वस्तू फळीने टोलवत राहण्याचे खेळ युरोपात आणि आशियात फार जुने आहेत. इंग्लंडमध्ये ‘बॅटलडोर अँड शटलकॉक’ नावाचा खेळ लहान मुलेही खेळत. त्यात नेट नव्हते आणि हारजीतही नव्हती. दोघांनी मिळून फूल किती वेळ खाली पडू द्यायचे नाही, एवढेच पाहायचे. सोसायटीच्या आवारात आपण आजही जे खेळतो, ते नकळत याच जुन्या खेळाच्या जवळ जाते. त्याचा सामना कधी झाला, तर मध्ये अडसर आला तेव्हा. आणि या टप्प्यावर कथा महाराष्ट्रात येते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या लष्करी छावणीतले ब्रिटिश अधिकारी नेट बांधून हा खेळ खेळू लागले. तो तिथे इतका रुळला की त्याला पुण्याच्या तेव्हाच्या इंग्रजी नावावरून ‘पूना’च म्हणत. स्पर्धेच्या स्वरूपातले या खेळाचे सुरुवातीचे नियम पुण्यात बांधले गेले. वारा असला किंवा हवा ओली असली की पिसांच्या शटलऐवजी लोकरीचा चेंडू वापरत. तंजावरकडे अशाच लोकरी चेंडूचा ‘बॉल बॅडमिंटन’ हा स्वतंत्र खेळ वाढला आणि दक्षिणेत तो आजही खेळला जातो. रजेवर किंवा निवृत्तीनंतर मायदेशी परतलेल्या अधिकाऱ्यांनी पुण्याचा हा खेळ आपल्याबरोबर नेला, आणि १८७५ पर्यंत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या फोकस्टोन येथे त्यांचा क्लबही उभा राहिला होता.

मग नाव ‘पूना’ न राहता ‘बॅडमिंटन’ कसे झाले? नेहमी सांगितले जाणारे उत्तर असे की ग्लॉस्टरशायरमध्ये ड्यूक ऑफ बोफर्ट यांचा ‘बॅडमिंटन हाउस’ नावाचा वाडा आहे, तिथे १८७३ च्या सुमारास पाहुण्यांनी हा खेळ खेळला आणि वाड्याचे नाव खेळाला चिकटले. वाड्याशी संबंध असावा हे खरे. पण १८७३ हे साल मला उशिराचे वाटते. लंडनमधल्या आयझॅक स्प्रॅट नावाच्या खेळणी विक्रेत्याने १८६० मध्येच या खेळावर एक पुस्तिका छापली होती आणि तिच्या नावात ‘बॅडमिंटन’ हा शब्द होता. त्या पुस्तिकेची एकही प्रत आज शिल्लक नाही. पुढे १८६३ मध्ये एका इंग्रजी मासिकात बॅडमिंटनचे जे वर्णन आले, त्यात जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर बांधलेल्या दोरीच्या दोन बाजूंनी हा खेळ खेळतात, असे म्हटले आहे. आजच्या नेटची मध्यभागातली उंची १.५२४ मीटर असते, म्हणजे बरोबर पाच फूट. तेव्हा नाव इंग्लंडमध्ये आधीच होते आणि नेटसह खेळण्याची शिस्त त्याला पुण्यात लाभली, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. आपल्याकडे ‘बॅडमिंटनचा जन्म पुण्यात झाला’ असे जे छातीठोकपणे सांगितले जाते, त्यात एवढी दुरुस्ती करून घ्यावी. तेवढ्याने पुण्याचा मान काही कमी होत नाही.

इंग्लंडमध्ये १८९३ साली बॅडमिंटन असोसिएशन स्थापन झाली आणि १८९९ मध्ये लंडनला ‘ऑल इंग्लंड’ स्पर्धा सुरू झाली. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७७ पर्यंत नव्हती, त्यामुळे पाऊणशेहून अधिक वर्षे ऑल इंग्लंडचा विजेता हाच जगज्जेता मानला जाई. त्या काळचे कोर्ट आजच्यासारखे चौकोनी नव्हते. नेटपाशी अरुंद आणि मागे रुंद असा वाळूच्या घड्याळासारखा त्याचा आकार होता आणि तो १९०१ पर्यंत टिकला. आंतरराष्ट्रीय महासंघ १९३४ मध्ये नऊ सदस्यांनिशी स्थापन झाला. भारतीय बॅडमिंटन संघटनाही त्याच वर्षीची, आणि १९३६ मध्ये भारत महासंघाचा सदस्य झाला. ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९७२ साली म्युनिकला प्रात्यक्षिक म्हणून झाला आणि पदकांसाठी थेट १९९२ मध्ये बार्सिलोनाला आला.

आज कोर्ट १३.४० मीटर लांब असते. रुंदी दुहेरीसाठी ६.१० मीटर आणि एकेरीसाठी ५.१८ मीटर. पूर्वीच्या पद्धतीत सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळत, त्यामुळे तासन्‌तास खेळूनही फलक हलत नसे. २००६ पासून प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिसपासून शटल पडेपर्यंतच्या फटक्यांच्या देवाणघेवाणीला, गुण मिळू लागला, सर्व्हिस कोणाचीही असो. गेम २१ गुणांचा, तीनपैकी दोन गेम जिंकणारा विजयी. २०-२० अशी बरोबरी झाली तर दोन गुणांची आघाडी घ्यावी लागते, आणि ती न मिळता २९-२९ पर्यंत गाडी पोहोचली तर तिसावा गुण निर्णायक ठरतो. सर्व्हिस कोणत्या बाजूने करायची हे आपल्या गुणसंख्येवरून कळते: शून्य किंवा सम संख्या असेल तर उजवीकडून, विषम असेल तर डावीकडून. नव्या प्रेक्षकाने एवढे एक लक्षात ठेवले तरी अर्धा गोंधळ मिटतो. शटल रेषेला टेकले तर ते आत धरतात.

सर्व्हिसचा नियम मात्र थोडा थांबून समजून घेण्यासारखा आहे. टेनिसमध्ये सर्व्हिस हे आक्रमणाचे हत्यार असते. बॅडमिंटनमध्ये ती खालूनच करावी लागते, आणि फटक्याच्या क्षणी पूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असावे लागते. पूर्वी ही मर्यादा खेळाडूच्या बरगड्यांवरून ठरत असे, त्यामुळे उंच माणसाला फायदा होई आणि पंचांशी वाद होत. आता खांबावरच्या खुणेने पंच ते पाहतात. नियमकर्त्यांचा हेतू स्पष्ट दिसतो: शटल खालून वर जाणार असेल तर सर्व्हिसवरच गुण मिळवणे अवघड होते आणि रॅली सुरू होते. २०२३ मध्ये काही खेळाडूंनी बोटांनी शटलला गिरकी देऊन सर्व्हिस करायला सुरुवात केली, तेव्हा शटल इतके वेडेवाकडे जाऊ लागले की परतवणाऱ्यांची दैना उडाली. जागतिक महासंघाने काही आठवड्यांतच त्या सर्व्हिसवर बंदी घातली. मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण ज्या खेळाचा सगळा आनंद रॅलीत आहे, तो पहिल्याच फटक्याला संपू लागला असता.

रॅली पाहताना नवखी नजर स्मॅशवर खिळते. जाणकाराची नजर त्याआधीच्या दोन-तीन फटक्यांवर असते. शटल झटकन मंदावते, म्हणून हात उगारण्याच्या एकाच ढबीतून स्मॅश, ड्रॉप आणि टॉस हे तिन्ही फटके निघू शकतात. शेवटच्या क्षणी मनगटाने आणि बोटांनी किती दाब दिला, एवढ्यावर फरक ठरतो. समोरचा खेळाडू स्मॅशच्या तयारीने मागे थांबलेला असताना शटल नेटलगत अलगद उतरते आणि तो दोन पावले पुढे येईपर्यंत जमिनीला टेकते. एकेरीतला खेळ म्हणूनच कोर्टाच्या चार कोपऱ्यांचा असतो. प्रतिस्पर्ध्याला मागच्या डाव्या कोपऱ्यातून पुढच्या उजव्या कोपऱ्यात आणि पुन्हा मागे पळवायचे, त्याचा तोल जरा ढळला, त्याचा टॉस जरा आखूड पडला की मगच स्मॅश मारायचा.

ही कला भारतीयांना फार लवकर वश झाली होती. १९४७ साली प्रकाश नाथ यांनी ऑल इंग्लंडची अंतिम फेरी गाठली. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १९४० च्या दशकात क्रिकेटमहर्षी दि. ब. देवधर यांच्या तारा, सुमन आणि सुंदर या कन्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. मुलींनी मैदानावर उतरणे हीच बातमी असण्याच्या काळात एकाच मराठी घरातल्या तिघी बहिणी राष्ट्रीय पातळीवर खेळत होत्या, हे आपण पुरेसे आठवत नाही याची मला खंत वाटते.

नंदू नाटेकर हे नाव मात्र विसरले गेलेले नाही. सांगलीत १९३३ मध्ये जन्मलेले नाटेकर आधी टेनिस खेळत. कनिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि पुढे बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलंगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून ते परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले, आणि १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिल्याच मानकऱ्यांत त्यांचा समावेश होता. ताकदीवर भिस्त न ठेवता नेटजवळचे हळुवार फटके, बॅकहँड आणि ऐनवेळी दिशा बदलणारे मनगट यांसाठी ते ओळखले जात. क्लबात एखाद्याने अलगद ड्रॉप टाकला की जुनी मंडळी आजही नाटेकरांची आठवण काढतात. जुलै २०२१ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

प्रकाश पदुकोण यांची घडण यापेक्षा वेगळी. बंगळूरमध्ये ते एका लग्नाच्या हॉलमध्ये आखलेल्या कोर्टावर खेळायला शिकले. १९७१ पासून सलग नऊ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवल्यानंतर १९८० मध्ये ते ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात इंडोनेशियाच्या लिम स्वी किंगसमोर उभे राहिले. किंग हा उडी मारून स्मॅश लगावणारा, त्या काळातला सर्वांत आक्रमक खेळाडू होता. प्रकाश यांनी त्याला वेग मिळूच दिला नाही. नेटजवळ खेळून, रॅलीची गती सतत बदलून त्यांनी तो सामना १५-३, १५-१० असा जिंकला. अत्यंत वेगवान माणसाला मंद खेळाने हरवता येते, हे शटलच्या स्वभावामुळेच शक्य होते, आणि त्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. त्यानंतर २००१ मध्ये पुल्लेला गोपीचंद यांनी चीनच्या चेन हाँगला हरवून तो किताब पुन्हा भारतात आणला. पुढे त्यांनी हैदराबादला काढलेल्या अकादमीतून साईना नेहवाल आणि पी. व्ही. सिंधू पुढे आल्या. साईनाने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. बॅडमिंटनमधले ते भारताचे पहिले ऑलिंपिक पदक. सिंधूने २०१६ मध्ये रिओला रौप्य आणि टोकियोला कांस्य मिळवले, आणि या दोन पदकांच्या मधल्या काळात, २०१९ साली, बाझल येथे जपानच्या नोझोमी ओकुहाराला हरवून ती जगज्जेती झाली.

जगाकडे धावती नजर टाकली तर हा खेळ फार थोड्या देशांनी जिवापाड जपलेला दिसतो. इंडोनेशियाला ऑलिंपिकमधली पहिली दोन सुवर्णपदके १९९२ मध्ये सुसी सुसांती आणि ॲलन बुडिकुसुमा या बॅडमिंटनपटूंनीच मिळवून दिली. त्यांच्याच रूडी हार्तोनो यांनी आठ वेळा ऑल इंग्लंड जिंकली होती. चीनचा लिन डॅन आणि मलेशियाचा ली चोंग वेई यांच्यातली चुरस तर एका पिढीने डोळ्यांत साठवून ठेवली आहे: २००८ आणि २०१२ या दोन्ही ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत तेच दोघे समोरासमोर आले आणि दोन्ही वेळा लिन डॅन जिंकला. युरोपात डेन्मार्क हा छोटासा देश जवळजवळ एकट्याने आशियाला तोंड देत आला आहे. त्याच्या व्हिक्टर ॲक्सेलसनने टोकियो आणि पॅरिस असे लागोपाठ दोनदा ऑलिंपिक सुवर्ण मिळवले.

मुंबईचा विचार करताना दुहेरीचा खेळ डोळ्यांपुढे येतो. अमी घिया यांनी सात वेळा राष्ट्रीय एकेरीचे अजिंक्यपद मिळवले, तरी १९७८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतले त्यांचे कांस्य कंवल ठाकर सिंग यांच्या साथीने दुहेरीत आले. प्रदीप गंधे यांनी १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये लेरॉय डिसा यांच्याबरोबर पुरुष दुहेरीचे कांस्यपदक जिंकले. एकेरीत मुंबईच्या अपर्णा पोपट यांनी सलग नऊ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून प्रकाश पदुकोण यांच्या विक्रमाशी बरोबरी केली. आणि आज चिराग शेट्टी आहे. मुंबईत जन्मलेल्या आणि उदय पवार यांच्या अकादमीत घडलेल्या चिरागची आंध्रातल्या अमलापुरमच्या सात्विकशी, म्हणजे त्या विक्रमी स्मॅशच्या सात्विकसाईराजशी, जोडी जमली, ती भारतीय खेळाडूंना शिकवणारे मलेशियन प्रशिक्षक तान किम हर यांच्या आग्रहामुळे.

हा आग्रह धाडसाचा होता, आणि तो का, हे कळण्यासाठी दुहेरीची मांडणी समजून घ्यावी लागते. आक्रमण करताना दोघे जण पुढे-मागे उभे राहतात: मागचा वरून फटके मारतो आणि पुढचा नेटपाशी राहून जे अर्धवट परत येईल ते संपवतो. बचाव करताना दोघे शेजारी-शेजारी येतात आणि अर्धे-अर्धे कोर्ट वाटून घेतात. आपण शटल उंच दिले की बचाव आला, समोरच्याला उंच द्यायला लावले की आक्रमण आले. हा फेर एका रॅलीत अनेकदा होतो. यासाठी एक जण मागून मारणारा आणि एक जण पुढे चपळ असणारा, अशी जोडी सहसा लावतात. चिराग आणि सात्विक दोघेही उंच, दोघेही मागून मारणारे. त्यामुळे नेटपाशी कोण जाणार, हा प्रश्न सुरुवातीला खराच होता. चिरागने मोठ्या कष्टाने पुढचा खेळ आत्मसात केला. आज त्याचे मोठेपण मला त्यातच दिसते. सर्व्हिसनंतर रॅकेट डोक्याशी उंच धरून, गुडघे वाकवून तो नेटवर ज्या तऱ्हेने दबा धरून बसतो, ते पुढच्या सामन्यात अवश्य पाहावे. सात्विकच्या स्मॅशवर टाळ्या पडतात, पण तो स्मॅश मारण्याजोगे शटल बहुतेक वेळा चिरागच्या धाकाने वर उठलेले असते.

मे २०२२ मध्ये बँकॉकला भारताने थॉमस चषक, म्हणजे पुरुष संघांची जागतिक स्पर्धा, प्रथमच जिंकला. अंतिम लढतीत १४ वेळा विजेता ठरलेल्या इंडोनेशियाविरुद्ध लक्ष्य सेनने पहिला सामना जिंकला, या जोडीने दुसरा आणि किदंबी श्रीकांतने तिसरा, आणि लढत ३-० अशी संपली. लखनौला १९६५ मध्ये दिनेश खन्ना यांनी आशियाई अजिंक्यपद मिळवल्यानंतर ५८ वर्षे ते कोणा भारतीयाला मिळाले नव्हते; २०२३ मध्ये दुबईत सात्विक-चिरागने ते मिळवले. त्याच वर्षी हांगझोच्या एशियाडमध्ये भारताला बॅडमिंटनचे पहिले सुवर्ण मिळाले आणि पाठोपाठ ही जोडी जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचली.

हे सगळे वाचून कोणाला स्वतः खेळावेसे वाटले, तर मुंबईत जागेची अडचण आहे हे मान्य करूनही सुरुवात अवघड नाही. जिमखान्याचे सभासदत्व सगळ्यांना परवडत नाही, पण तासावर भाड्याने मिळणारी कोर्टे उपनगरांत ठिकठिकाणी आहेत. खर्च करताना पहिला मान बुटांना द्यावा. रस्त्यावर धावण्याचे जाड टाचेचे बूट बाजूला झेपावताना घोटा मुरगळतात. बॅडमिंटनचे बूट सपाट, रुंद आणि कच्च्या रबराच्या तळव्याचे असतात. रॅकेट हलकी घ्यावी आणि दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी तारा फार घट्ट ताणून घेऊ नयेत. तारा बसवण्याच्या या कामाला सगळे ‘गटिंग’ म्हणतात. पूर्वी तारा जनावरांच्या आतड्यांपासून करत, त्या इंग्रजी शब्दाची ही खूण. आता त्या नायलॉनच्या असतात. घट्ट तारांनी फटका अचूक जातो, पण त्याला लागणारे बळ मनगटातून यावे लागते, आणि नवशिक्याचे ते खांद्यातून येते. मग खांदा दुखू लागतो. आरंभी नायलॉनचे शटल पुरते, कारण ते आठवडाभर टिकते. मात्र ते पिसांच्या शटलइतके झपाट्याने मंदावत नाही, म्हणून त्यावर पक्का झालेला हात पिसांवर आला की काही दिवस चुकतो.

पिसांचे शटल डब्यातून काढले की खेळण्याआधी त्याचा वेग तपासावा. त्याची रीत नियमांतच दिलेली आहे. मागच्या रेषेवर उभे राहून, बाजूच्या रेषेला समांतर, खालून पूर्ण जोराने शटल वरच्या दिशेला मारायचे. समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडे ५३० ते ९९० मिलिमीटरच्या पट्ट्यात ते पडले तर वेग बरोबर आहे. आमच्या हॉलमध्ये सकाळी सहाला हे काम एक सत्तरीचे आजोबा करतात. मे महिन्यात शटल हमखास रेषेपलीकडे जाते. मग ते दोन बोटांच्या चिमटीत एकेका पिसाचे टोक धरून किंचित बाहेर दुमडतात, म्हणजे घेर वाढून हवा जास्त अडते. स्पर्धेत असे करायला मनाई आहे, पण रोजच्या खेळात चालते. चार पिसे दुमडून झाली की ते पुन्हा रेषेवर जातात, पुन्हा मारतात, आणि शटल रेषेच्या हातभर अलीकडे टेकले की आम्हाला कोर्टावर बोलावतात.